उजव्या बाजूचा खिसा

९ जानेवारी

फौजदारसाहेब, नमस्कार.

गुडघा कसा आहे? तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही हे एका परीने बरंच झालं. नाहीतर एवढ्या वर्षांत आपली इतकी पत्रं झाली नसती, आणि चौथीत शाळा सुटलेल्या माझ्यासारखीचं अक्षर होतं तसंच कोंबडीच्या पायाचं राहिलं असतं.

परवा तुमच्या जुन्या कचेरीतून एक जण आला होता. पोरगेलासाच, मिशीसुद्धा धड फुटलेली नाही. म्हणाला, "आजी, तुमच्या भाच्याची फाईल. नवीन काही हाती लागलं नाही तर वर्षअखेर बंद करायची आहे."

मी म्हटलं, "बंद म्हणजे काय करणार?"

"कपाटात ठेवणार."

"आत्ता कुठे आहे?"

जरा विचार करून म्हणाला, "कपाटातच आहे."

मग मी त्याला चहा दिला. त्याचा काय दोष? रिळ्या हरवला तेव्हा हा जन्मालाही आला नव्हता.

जाताना एक गोष्ट मात्र सांगून गेला. हरवलेली मुलं आज मोठी होऊन कशी दिसत असतील, याची चित्रं काढणारी एक बाई त्यांच्याकडे आहे. शेवटचा प्रयत्न म्हणून तिला पाठवतो म्हणाला. ती काल आली. बाई कसली, माझी नात शोभावी अशी पोरगी. पाठीवर ही मोठी पिशवी, बोटांना पेन्सिलीचं काळं. मी तिला चित्रवाली म्हणते, तिलाही ते चालतं.

तिने मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. तुम्हाला ते तोंडपाठ आहे, तरी मी काय सांगितलं ते लिहिते. चुकलं असेल तर दुरुस्त करा.

सांगितलं की रिळ्या माझ्या दादाचा मुलगा. त्याची आई बाळंतपणातच गेली, म्हणून माझ्या हाताखाली वाढला. आमचं शिंप्याचं दुकान, पुढे दुकान, मागे घर. दादा कापायचा, मी शिवायची. पोरगं दिवसभर दोऱ्याची रिकामी रिळं फरशीवरून घरंगळवत बसायचं, म्हणून रिळ्या. बोलायला उशिरा लागलेला, आणि अनोळखी माणूस दिसलं की तोंडाला कुलूप. लख्ख दुपार होती. मी एका गिऱ्हाइकाच्या बाह्यांची मापं घेत होते. समोर कापडाचे ट्रक उभे राहायचे. रीळ उंबऱ्याबाहेर गेलं, त्याच्या मागे तो गेला. मी बाह्या संपवल्या, मान वर केली. नंतर रीळ सापडलं, गटाराच्या कडेला. तो नाही.

चित्रवालीने विचारलं, "मग तुम्हाला काय वाटतं?" इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, साहेब. "काय पाहिलं" असं विचारायचे सगळे. मी म्हटलं, मला वाटतं तो ट्रकच्या मागच्या बाजूने चढला, कापडाच्या गाठींवर झोपला आणि जिथे जागा झाला तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं.

भिंतीवरचं रिळ्या हरवल्याचं जुनं पोस्टर ती घेऊन गेली. ती जागा पांढरी पडली आहे, सारखं तिकडेच लक्ष जातं.

रिळ्याची आत्या


१७ जानेवारी

ताई, नमस्कार.

गुडघा आहे तिथेच आहे, फक्त माझं ऐकत नाही. सूनबाई म्हणते, तुमचे कान आणि तुमचा गुडघा, दोघं मिळून बंड करताहेत.

तुमच्या सांगण्यात दुरुस्ती एकच. रीळ रिकामं नव्हतं. त्यावर निळा दोरा शिल्लक होता, आणि तो उंबऱ्यापासून रस्त्यावर काही अंतर उलगडत गेला होता. मी वाकून वाकून त्याच्यामागे गेलो होतो. लोक हसत होते. दोरा ट्रकच्या उभ्या राहण्याच्या जागेपर्यंत गेला होता, त्यामुळे ट्रकबद्दल तुम्हाला जे वाटतं ते मलाही वाटतं. मी तेव्हा आठवड्याभरात मिळतील तेवढे ट्रकवाले तपासले. काही सापडले, काही नाहीत.

चित्रवालीबद्दल मला भारी कुतूहल वाटलं. हे काढतात तरी कसं? चार वर्षांच्या नाकावरून मोठ्या माणसाचं नाक? तिला विचारून सांगा. आणि तुमच्या दादाचा त्या वयातला एखादा फोटो असेल तर तो तिला द्या. नाक कुणाचं घ्यायचं हे तिला त्यावरून कळेल. तुमचं देऊ नका.

फाईल बंद होण्याचं म्हणाल, तर सरकारच्या लेखी ती बंद होईल. माझ्याकडे ती कधी बंद झालेली नाही. निवृत्त होताना सगळ्यांनी मला घड्याळ दिलं, मी बाहेर पडताना मनात फक्त तुमचा रिळ्या होता.

तुमचा जुना फौजदार


२ फेब्रुवारी

साहेब, नमस्कार.

माझ्या नाकाचं तुम्ही जे लिहिलंत ते मी चित्रवालीला वाचून दाखवलं. ती हसून हसून लोळली. मग माझं नाक निरखून म्हणाली, तुमचे साहेब बरोबर आहेत.

कसं काढतात ते विचारलं. म्हणाली, लहान मुलाच्या डोळ्यांची जागा आणि कानाची ठेवण फारशी बदलत नाही. बाकीचं घरच्या मोठ्या माणसांवरून उसनं आणायचं. म्हणून दादाचा लग्नानंतरचा फोटो दिला.

काल चित्र आलं. साहेब, मी ते टेबलावर पालथं ठेवलं आणि आधी दोन शर्टांना काजं केली. मग सरळ केलं.

दादाच. पण दादा नव्हे. कपाळ दादाचं, ओठ वहिनीचे, आणि डोळे माझ्या रिळ्याचे, माणूस केव्हा उठून जाईल याकडे लक्ष असलेले. भुवईवर खूण. शिलाई मशिनच्या पायडलचा कोपरा लागला होता ना, ती.

चित्रासोबत तिने एक चिठ्ठी जोडली होती. त्यात विचारलं होतं, "आत्या, एक शंका आहे. तुमच्याकडे मुलांच्या शर्टाला खिसा उजवीकडे लावायची पद्धत होती का? पोस्टरवर तसा दिसतोय, म्हणून विचारलं."

मला हसू आलं. खिसा काय कुणी उजवीकडे लावतं? उजव्या हाताने डावीकडच्या खिशात हात घालायचा असतो. मी शेजारच्या बुटवाल्याला सांगितलं, "बघ, शिकलेल्या पोरी काय विचारतात." तोही हसला. मग म्हणाला, "पण बघा तरी एकदा."

पोस्टर चित्रवालीने परत पाठवलं होतं. मी ते पुन्हा भिंतीवर लावलं आणि पाहिलं. खिसा उजवीकडेच होता.

तो शर्ट मी शिवलेला. बालवर्गाच्या फोटोसाठी खास. मी खिसा उजवीकडे लावला असता तर दादाने मला दुकानाबाहेर काढलं असतं. आणि ते पोस्टर, साहेब, माझ्या डोळ्यांसमोर इतकी वर्षं. दिवसातून शंभरदा बघायची. दादा बघत बघत गेला. शिंप्याच्या घरात. आणि एकालाही ते दिसलं नाही.

मग विचार करत बसले. आमच्या दुकानात माणूस कपडे घालून आरशासमोर उभं राहतं, आणि आम्ही त्याच्या मागे. गिऱ्हाइकाला आम्ही तोंडावर बघतच नाही, आरशातच बघतो. आरशात सगळ्यांचे खिसे उजवीकडेच असतात. माझ्या डोळ्याला खिसा उजवीकडे असणं हीच सवय. म्हणून खटकलं नाही.

पण एवढ्यावरच संपलं नाही. मी पोस्टर भिंतीवरून काढलं, त्या मोठ्या आरशासमोर धरलं आणि आरशात बघितलं.

साहेब, आरशात जो दिसला तो रस्त्यावरून धावत माझ्याकडे येणारा रिळ्या होता. मी त्याला असा समोरून बघायची ते मी पार विसरले होते. मला लक्षात राहिला तो केस विंचरताना आरशात दिसायचा तो. रोज सकाळी मी मागे उभी, तो पुढे स्टुलावर, दोघं आरशात एकमेकांकडे बघायचो. मला तोच चेहरा पाठ. पोस्टरवर तोच चेहरा होता, म्हणून मी तुम्हाला म्हटलं होतं, हुबेहूब आहे.

आता विचारायचं ते विचारते. तुम्ही माझ्याकडून जो बालवर्गाचा मोठा फोटो नेला होता, सगळ्या पोरांचा, तो फाईलमध्ये आहे का? त्यात खिसा कुठे आहे? आणि त्याची भुवईवरची खूण कुठल्या बाजूला होती?

दादा एकदा म्हणाला होता, "खूण दुसऱ्या बाजूला होती असं मला वाटतं." मी त्याला झाडलं होतं. "केस रोज कोण विंचरतं, तू का मी?" तो गप्प बसला. गप्प बसायचा स्वभावच होता त्याचा.

रिळ्याची आत्या


२० फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. कचेरीत जाऊन फोटो बघतो. सध्या गुडघ्याने हैराण केलं आहे, जरा वेळ लागेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

फौजदार


१ मार्च

साहेब,

तुमचं एवढंसं पत्र कधी येत नाही. किराणाची चिठ्ठीसुद्धा याहून मोठी असते. ना सूनबाई, ना कुंड्यांतली फुलं, ना माझ्या नाकावर काही.

मी समजले. तुम्हाला राग आला आहे. एवढी वर्षं तुम्ही घरदार सोडून गावोगाव फिरलात, आणि इथे ही बाई म्हणते आहे की मी मुलाचं तोंडच उलटं ओळखलं. कुणालाही राग येईल. मलाही माझा येतो. इस्त्री करता करता मध्येच थांबते, मग कापड जळायला लागतं.

पण साहेब, राग असला तर राग लिहा. शिव्या द्या. तुमचं हे "मनाला लावून घेऊ नका" मला नको आहे. मनाला लावून घेणं हेच इतकी वर्षं मी करत आले आहे, ते काही तुमच्या सांगण्याने सुटणार नाही.

आणि गुडघ्याचं कारण सांगू नका. गुडघा दुखतो तेव्हा तुम्ही दोन पानं गुडघ्यावरच लिहिता.

फोटोचं काय झालं?

आत्या


२५ मार्च

ताई, नमस्कार.

तुम्ही मला चांगलंच ओळखता. गुडघ्याचं कारण खोटं होतं. पण राग तुमच्यावर नव्हता. तुम्ही लिहिलंत ते वाचलं तेव्हा मी खुर्चीवर बसलेला होतो, आणि किती वेळ तसाच बसून राहिलो ते मला कळलं नाही. शेवटी सूनबाईने येऊन कपाळाला हात लावून बघितला.

आधी फोटो. सूनबाईने गाडी काढली, मला कचेरीत नेलं. तुमच्याकडे आलेला तो पोरगा सज्जन आहे. त्याने फाईल काढून दिली. बालवर्गाचा मोठा फोटो त्यात आहे. सगळी पोरं हरभऱ्याच्या दाण्याएवढी. रिळ्या मधल्या रांगेत, डोळे मिटण्याच्या बेतात. शर्टाचा खिसा डावीकडे. तुम्ही बरोबर शिवला होता. चेहरा इतका लहान आहे की खूण दिसत नाही. आम्ही स्टुडिओवाल्याकडून त्याचा एकट्याचा चेहरा मोठा करून घेतला, तेव्हा त्याने निगेटिव्ह पालथी ठेवली. एवढीच गोष्ट. कुणाच्याही हातून व्हावी अशी. खूण उजव्या भुवईवर होती, आणि आम्ही सगळीकडे डावी लिहिली.

तुम्हाला वाटेल, खिसा मला तरी दिसायला हवा होता. मलाही तसंच वाटलं. मग माझ्या जुन्या वर्दीकडे बघितलं. पोलिसाच्या शर्टाला दोन्हीकडे खिसे असतात, ताई. मला एका बाजूच्या खिशाची सवयच नव्हती.

आता जे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही ते.

रिळ्या हरवल्यावर पहिल्या काही महिन्यांत मी तुमच्या दादांना दोनदा ओळख पटवायला नेलं होतं, आठवत असेल. दोन्ही वेळा मूल दुसरं निघालं. दुसऱ्या खेपेला परत आल्यावर ते घरी उतरताना उंबऱ्यावर अडखळून पडले. तेव्हा मी ठरवलं की यापुढे मी आधी एकटा जाऊन बघेन. खात्री झाल्याशिवाय या घराला पुन्हा आशा लावायची नाही.

त्यानंतर लांबच्या एका बालगृहातून निरोप आला. मी गेलो. मुलगा तापातून उठलेला, हाडं मोजावीत असा, डोक्याचे केस काढलेले. बोलत नव्हता. बालगृहाच्या बाई म्हणाल्या, महिना झाला, एक अक्षर नाही. भुवईवर खूण होती. मी पोस्टर त्याच्या चेहऱ्याशेजारी धरलं. खूण दुसऱ्या भुवईवर. माणूस वाळतो, केस जातात, पण खूण काही एका भुवईवरून दुसरीवर जात नाही. मी तसं लिहून सही केली.

उठताना माझ्या पेनाचं टोपण खाली पडलं आणि घरंगळत भिंतीपाशी गेलं. तो मुलगा उठून गेला, ते आणलं, माझ्या हातात दिलं नाही, पुन्हा भिंतीकडे घरंगळवलं. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सगळीच मुलं असं करतात. टोपण त्याला देऊन आलो.

हे मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं. आता ते टोपण रोज माझ्यासमोर घरंगळतं.

गेल्या आठवड्यात मी आणि सूनबाई त्या गावी जाऊन आलो. बालगृह आता दुसऱ्या इमारतीत गेलं आहे, जुनी कागदपत्रं वाळवीने खाल्ली. पण त्यांची एक म्हातारी स्वयंपाकीणबाई आहे, तिला तो आठवतो. पुढे बोलायला लागला, म्हणाली. शांत होता. सज्ञान झाल्यावर कामासाठी दुसरीकडे गेला, मग पत्ता नाही. तो रिळ्याच होता असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की त्याला "नाही" म्हणायचं जे कारण माझ्याकडे होतं, ते कारण आता राहिलेलं नाही.

चित्रवालीला मी पत्र लिहिलं आहे. ती चित्र सुलटं करून, खूण उजवीकडे घेऊन नवं पोस्टर करेल. मजकूर कमीत कमी ठेवायचा. आणि तुम्ही एक करा. रिळ्याची अशी एखादी गोष्ट निवडा, जी पोस्टरवर येणार नाही. जो कुणी "मी तो" म्हणत येईल, त्याला ती विचारता येईल. लबाड लोकही येतात, तुम्हाला माहीत आहे.

फौजदार


२ एप्रिल

साहेब,

तुमचं पत्र मी बुटवाल्याला मोठ्याने वाचायला दिलं. माझा चष्मा सारखा ओला होत होता. टोपणापाशी आल्यावर त्यालाही पुढे वाचता येईना, मग आम्ही दोघं चहा प्यालो आणि उरलेलं मीच वाचलं.

पहिल्यांदा तुमच्यावर राग आला. खोटं कशाला बोलू? म्हटलं, मला एकदा न्यायचं होतं, मी अंधारातसुद्धा ओळखला असता. मग म्हटलं, कशावरून ओळखला असता, बाई? तुझ्या डोक्यात तर आरशातलं पोर. तूही खूण बघितली असतीस आणि "नव्हे" म्हणाली असतीस. आणि मग तो नकार तुमच्या सहीऐवजी माझ्या तोंडचा झाला असता. तुम्ही तो स्वतःवर घेतलात, माझ्या नकळत. आता त्याच्यावर भांडायचं नाही, मीही नाही, तुम्हीही नाही. आपल्या दोघांचीही वयं आता सुईत दोरा ओवायला सुद्धा दुसऱ्याला हाक मारायची.

गोष्ट निवडली. तो कशाशी खेळायचा, एवढंच विचारा. त्याचं नाव रिळ्या होतं हे पोस्टरवर देऊ नका. ज्याला रिळं आठवतील तो तो.

तुम्ही म्हणाल, चार वर्षांच्या पोराला काय आठवणार? मला विचाराल तर मला माझ्या चौथ्या वर्षीची एक कोंबडी आठवते. बाकी काही नाही.

पोस्टरची एक प्रत माझ्यासाठीही ठेवा.

आत्या


१९ जून

ताई, नमस्कार.

पोस्टर लागल्यापासून आत्तापर्यंत सहा-सात जणांनी लिहिलं. एकाला तर तुमच्या दुकानात हिस्सा हवा होता. त्यांना मी परस्पर वाटेला लावलं, तुम्हाला त्रास दिला नाही.

हे सोबतचं पत्र मात्र तुम्हाला पाठवतो. हा केस कापणारा आहे, स्वतःचं छोटं दुकान आहे. बालगृहात वाढला. कुठल्या, ते त्याने स्वतःहून लिहिलं, आणि ते तेच आहे. उजव्या भुवईवर खूण आहे. मी त्याला आपला प्रश्न लिहून विचारला. त्याचं उत्तर चुकलं आहे, हे आधीच सांगतो. नियमाने मी हे पत्र बाजूला ठेवायला हवं होतं. मी एकदा नियमाने वागलो आहे.

शेवटपर्यंत वाचा.

फौजदार

(सोबत)

११ जून

फौजदारसाहेबांना नमस्कार.

आपण विचारलंत की मी लहानपणी कशाशी खेळायचो. मला खरंच माहीत नाही. बालगृहात आम्ही गोट्या खेळायचो, पण आपण त्याच्या आधीचं विचारत असणार. अंदाजाने काहीतरी लिहावं असं मनात आलं होतं. मग वाटलं, अंदाज बरोबर आला तर मला स्वतःलाच कधी खात्री वाटणार नाही. म्हणून लिहितो, आठवत नाही.

आपलं पोस्टर एका गिऱ्हाइकाने आणून दाखवलं. म्हणाला, हा तूच. मी म्हटलं, असेन किंवा नसेन. आम्हा बालगृहातल्या मुलांना अशी पोस्टरं बघण्याची सवय असते. प्रत्येक चेहऱ्यात थोडं आपलं सापडतं.

मला आपल्याकडून काही नको. माझं चाललं आहे, बायको आहे, मुलगी शाळेत जाते. फक्त एक गोष्ट विचारायची आहे. कुणाला विचारावी हे कधी कळलं नाही, म्हणून आपल्याला विचारतो.

केस कापायचं काम शिकायला मी पहिल्यांदा दुकानात गेलो, तेव्हा उस्तादाने मला खुर्चीमागे उभं केलं आणि म्हणाला, "आरशात बघ, डोक्याकडे नको." त्या क्षणी मला असं वाटलं की हे मी आधी पाहिलेलं आहे. पण उलट्या बाजूने. मी खुर्चीवर आहे आणि मागे कुणीतरी उभं आहे. आरसा दारापेक्षा मोठा आहे. समोर एक मुलगा बसलेला दिसतो, तो मला वेगळाच कुणी वाटतो. आणि मागची बाई मला समोर दिसते. तिच्या तोंडात टाचण्या आहेत, म्हणून ती ओठ मिटून हसते. मी मागे वळायला लागलो की ती दोन्ही हातांनी माझं डोकं सरळ करते.

एवढंच. ती बाई कोण, घर कुठलं, माहीत नाही. बालगृहात असा आरसा नव्हता. मी हे आजवर फक्त बायकोला सांगितलं आहे. ती म्हणते स्वप्न असेल.

ज्यांचा मुलगा हरवला आहे, त्यांच्या घरी असा मोठा आरसा होता का? नसला तरी कृपया कळवा. मग मी स्वप्नच समजेन.


२४ जून

बाळा,

तुझं पत्र फौजदारसाहेबांनी मला पाठवलं. मी एक म्हातारी शिंपीण आहे. ज्या मुलाचं पोस्टर तू पाहिलंस, त्याची आत्या.

आरसा आहे. दारापेक्षा मोठाच आहे. शिंप्याच्या दुकानात लागतो तसा. आता खालच्या कोपऱ्यात त्याचा पारा उडालाय, तिथे पाय नीट दिसत नाहीत. गिऱ्हाईक कुरकुर करतं, पण मी बदललेला नाही. टाचण्या अजून तोंडातच धरते. सगळे सांगतात, गिळशील एखादी. अजून गिळलेली नाही.

साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर तुला आलं नाही. ते बरोबरच आहे. प्रश्न मी निवडला होता, आणि मी माझ्या बाजूने दिसणारं विचारलं. फरशीवर खेळणारं पोर मला दिसायचं. त्याला स्वतःला काय दिसत होतं, हे मी कधी मनात आणलं नाही.

साहेबांना मी सांगितलं आहे की कचेरीत कळवा, फाईल इतक्यात बंद करू नका. तपासायचं ते सगळं ते तपासतील. रक्त वगैरे घेतात म्हणे आता. घेऊ देत. ते आपण नंतर बघू.

तू आधी ये. तुझ्या बायकोला आणि मुलीला घेऊन ये. तू तो निघाला नाहीस तरी आलेल्या माणसाला चहा मिळतो इथे, साहेबांना विचार. आणि एक माझ्यासाठी कर. आलास की तोंडाने काही सांगत बसू नकोस. आत ये, आरशासमोर स्टूल आहे, त्यावर बस. मी मागे उभी राहीन.

आणि मागे वळायचं तर वळ. या खेपेला मी डोकं सरळ करणार नाही.

आत्या